व्यवसाय : गृहिणी

माझ्या सासूला गाडीने उडवलं त्या दिवशी पोलिसाने तिला सगळं विचारलं, फक्त ती काय करते ते विचारलं नाही. नाव विचारलं, वय विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली तरी. व्यवसायाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या मनाने लिहून टाकलं : गृहिणी. समोर बाई असली की हेच लिहायचं असतं. पुरुष असता तर निदान विचारलं असतं, आणि तो दिवसभर पत्ते कुटत असला तरी 'खासगी नोकरी' असं लिहिलं असतं.

सुलाबाई गृहिणी नाही. घरात ती पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नाही, तो मी देते. ती मांडे करते. तीस वर्षं, सटाण्यात होती तेव्हापासून. लग्न, साखरपुडा, आखाजी, वास्तुशांती, कुणाचंही काही गोड असलं की तिला बोलावणं येतं.

मांडा म्हणजे पुरणपोळी नव्हे. असं कुणी म्हटलं तर आत्या त्याच्याशी आठ दिवस बोलत नाही. (आमच्यात सासूला आत्या म्हणतात.) कणीक मिठाच्या पाण्यात भिजवून, आपटून आपटून तिला ओढ आणायची, पुरण भरायचं, पोळपाटावर वीतभर लाटायचं, आणि मग लाटणं बाजूला ठेवायचं. पुढचं सगळं दोन हातांवर. या हातावरून त्या हातावर, बोटांपासून कोपरापर्यंत खेळवत खेळवत ती टॉवेलएवढी होते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पडते. पडताना तिच्यातून पलीकडचा जाळ दिसला पाहिजे. दिसला तर मांडा. नाही दिसला तर पोळी, आणि पोळी काय, कुणीही करतं.

आम्ही बौद्ध. लग्नघरात पहिला मांडा तोंडात गेला की लोक प्रेमाने विचारतात, मावशी, कुठल्या तुम्ही? सटाण्याची म्हटलं की पुढचा प्रश्न, आडनाव काय? आत्याचं उत्तर ठरलेलं आहे : "मांड्याला आडनाव नसतं. नको असेल तर ताटात ठेवा, मी परत नेते." अजून एकानेही परत दिलेला नाही. खातात आणि मग तोंड पुसतात.

तर इंदिरानगरला सर्व्हिस रोडच्या कडेला आत्या रिक्षाची वाट बघत उभी होती आणि एक पांढरी गाडी मागे मागे येत तिच्यावर गेली. चालवणारा फोनवर बोलत होता. खाली उतरून तो तिलाच म्हणाला, "मावशी, तुम्हाला गाडी दिसली नाही का?" डावा हात कोपरातून मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, सात स्क्रू बसले. तीन महिन्यांनी हात बरा झाला असं डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, त्या हाताने ती वेणी घालते, कपडे पिळते, माझ्याकडे बोट दाखवते. एकच होत नाही. कोपर सरळ असताना तळहात आभाळाकडे वळत नाही. अर्ध्यावर येऊन थांबतो. सरकारी दवाखान्याने त्याचा दाखला दिला : कायमचं अपंगत्व, बारा टक्के.

बारा टक्के. कागदावर हिशेब असा झाला की एक गृहिणी आहे आणि तिचं बारा टक्के काहीतरी कमी झालंय. मी इंदिरानगरातच झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात काम करते. रोज शंभर लोकांचे कागद माझ्या हाताखालून जातात. कागदावर जे पडतं तेच माणूस असतो, हे मला आठ वर्षांत कळलंय. म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, वकील करायचा. नवनाथ म्हणाला, बघू. नवनाथ प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतो. आमचं लग्नही त्याने 'बघू' म्हणूनच केलं.

पहिला वकील आम्हाला शोधावाच लागला नाही, तोच आम्हाला शोधत आला. म्हणजे तो नाही, त्याचा माणूस गोटीराम. आत्या दवाखान्यात होती, ऑपरेशनचा तिसरा दिवस, आणि हा डझनभर केळी घेऊन खाटेशी हजर. मला वाटलं आत्याचा नातेवाईक, आत्याला वाटलं माझा. दोघींनी त्याला चहा पाजला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि सांगितलं की तो अपघातग्रस्तांची सेवा करतो. सेवेचे तीस टक्के.

हात बरा झाल्यावर नवनाथ म्हणाला, केळी खाल्ली आहेत, एकदा जाऊन तर येऊ. सीबीएस बसस्टँडजवळ ऑफिस होतं, एसी होता. वकिलाच्या टेबलावर छापील अर्जांचे दोन गठ्ठे होते, एक पुरुषांचा, एक बायकांचा. बायकांच्या गठ्ठ्यात व्यवसायापुढे 'गृहिणी' आधीच छापलेलं. मी म्हटलं, साहेब, या मांडे करतात. तो म्हणाला, ताई, सगळ्याच बायका काही ना काही करतात, त्याला कोर्ट व्यवसाय म्हणत नाही. मग त्याने आत्याला नीट न्याहाळलं, घोडा विकत घेताना बघावं तसं, आणि सल्ला दिला की कोर्टात येताना काठी घेऊन यायचं आणि गळ्याला पट्टा लावायचा.

आत्या म्हणाली, "मोडलाय तो हात. पाय आणि मान माझी शाबूत आहे."

तो म्हणाला, कोर्टाला सगळं एकदम दिसतं.

आत्या उठली. जिना उतरताना ती मला म्हणाली की मेल्यावर तिला काठीचा आधार देऊन नेलं तरी ती तिरडीवरून उतरेल. गोटीराम खालपर्यंत मागे आला. केळीचे पैसे मागेल असं मला वाटलं होतं, पण तेवढी लाज होती त्याला.

दुसरा वकील लंकाबाईने सुचवला. लंकाबाई आत्याची धाकटी बहीण, नाशिकरोडला राहते. तिचं म्हणणं, परक्याच्या दारात कशाला जायचं, आपला माणूस आहे की. आपला माणूस प्रत्येक कार्यक्रमात व्यासपीठावर असतो, हे मी स्वतः पाहिलेलं. त्याच्या ऑफिसात भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि त्याखाली हा. एक तास दहा मिनिटं बोलला. मी घड्याळ लावून सांगते. चळवळ, फाटाफूट, कोण कुणाला विकला गेला, याला कसं तिकीट मिळता मिळता राहिलं. आमची फाईल माझ्या मांडीवर होती. तिची दोरीसुद्धा सुटली नाही. ज्यांचा फोटो मागे लावलाय ते रात्ररात्र जागून वाचत होते, आणि याच्याने सतरा पानं उघडवत नव्हती. हे लिहिल्याबद्दल लोक मला बोलतील. बोलू दे. आपल्या माणसाने फाईल उघडली पाहिजे, नाहीतर तो आपला कशाचा?

शेवटी तो म्हणाला, "हा केवळ एका हाताचा प्रश्न नाही सुलाबाई, हा समाजाचा प्रश्न आहे."

"असंल," आत्या म्हणाली. "पण हात माझाय."

लंकाबाई दोन महिने आमच्याकडे फिरकली नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्याला भरपाई पाहिजे होती. तिचा धंदा गेला होता, आणि ज्याने घालवला त्याने भरावं असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं. पण धंदा गेला असं कुणी म्हटलेलं तिला चालत नव्हतं. केटरिंगवाला मोतीराम, ज्याच्याकडून तिला निम्मी कामं यायची, तो फोन करायचा आणि ती प्रत्येक वेळी वेगळं कारण सांगायची. खापर तडकलंय, नवं आणायचंय. यंदाच्या गव्हाला ओढ नाही. लग्नसराई सरू दे जरा. एकदा तर तिने माझंच दुखणं काढलं, म्हणे सून आजारी आहे. मी बाजूला उभी राहून पापड खात होते. हात वळत नाही, हे एक वाक्य सोडून तिने सगळं सांगितलं. घरात, आम्हालाही, ती हेच म्हणायची की हात जरा आखडलाय, सुटेल.

आणि मोतीरामकडे मी साक्षीचं विचारायला गेले तर तो दोन हात जोडून म्हणाला, "वहिनी, मावशीला मी पंधरा वर्षं ओळखतो. पण कागदावर ओळखत नाही." त्याला जीएसटीची भीती. लोकांच्या शेकडो पंगती ज्या बाईच्या हातावर उठल्या तिला दिलेल्या पैशाची एक चिठ्ठी त्याच्याकडे नव्हती.

तिसरी वकील मला दुकानात भेटली. हर्षाली. तिशीच्या आतली, स्कूटीवरून यायची, काळा कोट डिकीत घालून. माझ्याशी भांडायची की झेरॉक्स फिकी आली, पैसे देणार नाही. भांडताना मुद्दा सोडत नव्हती. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली अर्धं टेबल तिचं, अर्धं एका नोटरीचं. अपघाताचा दावा तिने एकटीने कधी चालवलेला नव्हता आणि तसं तिने तोंडावर सांगितलं. मला ते बरं वाटलं. नवनाथ म्हणाला, बघू.

रविवारी ती घरी आली. फाईल उघडली, सतरा पानं वाचली, आणि मग मान वर करून तिने तो प्रश्न विचारला.

"मांडा म्हणजे पुरणपोळीच ना, मोठी?"

मी डोळे मिटले. पण आत्याने तिला घालवलं नाही. कदाचित दोन वकिलांनी काहीच विचारलं नव्हतं म्हणून असेल. ती म्हणाली, तुला सांगून कळायचं नाही. हर्षाली म्हणाली, मग दाखवा, जे मला कळलं नाही ते मी जजसाहेबांना काय सांगू?

आत्याने मला कणीक घ्यायला लावली. लग्नाला नऊ वर्षं झाली, तोवर तिने मला त्या परातीला हात लावू दिला नव्हता. माझ्या हाताला लय नाही असं तिचं मत. ते मत त्या दिवशी सिद्ध झालं. पहिला मांडा माझ्या मनगटावर गोळा होऊन बसला. दुसरा कोपरावरून घसरून हर्षालीच्या फाईलवर पडला, पोलिसाच्या पंचनाम्यावर पुरण सांडलं. आत्या बसल्या जागेवरून ओरडत होती, तळहात वर, तळहात वर, दोन्ही वर. हर्षाली माझ्याकडे बघतच नव्हती. ती आत्याच्या हातांकडे बघत होती. ओरडताना आत्याचे हात आपोआप हवेत गेले होते. उजवा पूर्ण उताणा. डावा अर्ध्यावर, कलता, जसं कुणी हळदीकुंकू नको म्हणतंय.

"म्हणजे दोन्ही हात ताटासारखे उताणे झाले नाहीत तर मांडा होतच नाही," हर्षाली म्हणाली.

आत्याने हात खाली घेतले.

मग ती मुलगी भराभर बोलायला लागली. बारा टक्के हाताला गेले असतील, पण या कामाला शंभर टक्के गेले. कारकुनाचा हात असता तर बारा टक्क्यांत भागलं असतं. यांचं सगळं पोट याच वळण्यावर होतं. दाव्यात हेच लिहायचं : व्यवसाय, मांडे करणे, आणि ते काम आता त्यांना करता येत नाही.

"ते शेवटचं लिहायचं नाही," आत्या म्हणाली.

हर्षालीला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. आत्याचं म्हणणं होतं की मांडे करते हे लिहा, गाडीवाल्याची चूक लिहा, हात मोडला लिहा. पण सुलाबाईला मांडे येत नाहीत असं कागदावर गेलं तर उद्या सटाण्यापासून चांदवडपर्यंत कळेल, मग कोण बोलावणार? हर्षालीने विचारलं की आता बोलावतात तेव्हा तुम्ही जाता का? आत्या म्हणाली, तो माझा प्रश्न आहे.

हर्षालीने फाईल बांधली. "मग भरपाई कशाची मागू? काही गेलंच नसेल तर मी हे काम घेत नाही, मावशी." चहा पिऊन, पुरणाचे हात धुऊन ती निघून गेली.

दोन वकिलांना आत्याने नाकारलं होतं. तिसरीने आत्याला नाकारलं. हे तिला फार लागलं. दोन दिवस ती घरात भांडी आपटत फिरली. मी गप्प बसले नाही, मी म्हटलं, बरोबरच बोलली ती. तिसऱ्या दिवशी आत्या मला न सांगता रिक्षाने कोर्टात गेली, शेडखालचं अर्धं टेबल शोधून काढलं आणि हर्षालीसमोर बसली. हे मला नंतर हर्षालीने सांगितलं. म्हणाली, मावशी पाच मिनिटं नोटरीकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "लिही. पण मोठ्याने वाचू नको."

अशी वकील ठरली. वकीलपत्रावर आत्याने सही केली, अंगठा नाही. हर्षालीने अर्ज लिहिला तो मीच टाइप केला. व्यवसाय : मांडे करणारी कारागीर. ते शेवटचं वाक्यही मीच टाइप केलं आणि आत्याला दाखवताना त्यावर बोट ठेवलं. तिने चष्मा काढला आणि सही कुठे करू म्हणाली.

दोन वर्षं तारखा पडल्या. त्या दोन वर्षांत विमा कंपनी काही झोपली नव्हती, ते आम्हाला उशिरा कळलं.

झालं असं. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मी कामावरून आले तर घरात पुरणाचा वास. आत्या खाटेवर आडवी, डोळ्यांवर पदर. काय केलं विचारलं तर म्हणाली, काही नाही. मोरीजवळच्या बादलीवर झाकण होतं. मी उघडलं. आत मांडे, म्हणजे जे मांडे व्हायला निघाले होते ते. फाटलेले, चिकटलेले, करपलेले. मी मोजले नाहीत. झाकण परत ठेवलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला टोचून बोलले नाही.

शेजारणीकडून कळलं. चांदवडचा म्हणून कुणी सभ्य गृहस्थ आला होता. पोरीचा साखरपुडा आहे, मावशी, तुमचं नाव ऐकून आलो, पंचवीस मांडे पाहिजेत. खापर तडकल्याचं, गव्हाचं, सुनेच्या दुखण्याचं, सगळं त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरोबर आहे, वय झालं, आता तुमच्याने व्हायचं नाही. बस. एवढं ऐकल्यावर आत्याने चूल पेटवली. तो सगळा वेळ ओट्यावर बसून मोबाइलवर शूटिंग करत होता, गावाकडे दाखवायचंय म्हणे. सकाळी सातला बसली ती दुपारी दोनला उठली. पंचवीस दिले त्याला. वर त्याला जेवायला वाढलं, कारण साखरपुड्याच्या घरचा माणूस उपाशी कसा पाठवायचा.

मी त्याच संध्याकाळी हर्षालीला फोन केला. ती म्हणाली, ताई, साखरपुड्याची तारीख विचारली होती का त्याला?

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलाने पेन ड्राइव्ह काढला. चकचकीत माणूस, बोलणं मऊ. हर्षाली उभी राहिली, हे चित्रीकरण कायद्याप्रमाणे दाखल झालेलं नाही, प्रमाणपत्र जोडलेलं नाही, वगैरे. ती बरोबर होती, न्यायाधीशांनीही मान हलवली. तिचं ऐकलं असतं तर ते दिसलंच नसतं आणि आम्ही वाचलो असतो. पण पिंजऱ्यातून आत्या म्हणाली, "दाखवू द्या की. बघू तरी कसे झालेत."

नवनाथच्या तोंडून कधी निघालेल्या सगळ्या 'बघू'पेक्षा हे एक महाग पडणार असं मला वाटलं. हर्षालीने कपाळाला हात लावला.

न्यायाधीशांनी सांगितलं, त्यांची हरकत नसेल तर लावा. लॅपटॉप आत्याकडे वळवला, तिरपा साहेबांकडे. त्यात आमची चूल, आमची परात, आणि आत्या. आवाज नव्हता. पडद्यावरची आत्या कणीक हातांवर घ्यायची, दोन फेरे व्हायचे, आणि तिसऱ्याला डावीकडून सगळं खाली ओघळायचं. मग ती ते गोळा करून लाटण्याने लाटायची. तीस वर्षं जिने लाटणं बाजूला ठेवलं ती लाटण्यावर झुकून लाटत होती. मला बघवेना. मी खाली फरशीकडे बघत बसले.

वकिलाने गोड आवाजात विचारलं की या बाई आपणच ना. आत्या म्हणाली, मीच. हे घर आपलंच ना. हो. त्या दिवशी आपण पंचवीस नग तयार करून दिले, बरोबर? बरोबर. त्याचे पैसे घेतले? घेतले. गिऱ्हाइकाने काही तक्रार केली? नाही केली. तो न्यायाधीशांकडे वळला. अर्जात म्हटलंय की अर्जदारांना मांडे करता येत नाहीत, आणि इथे त्या एका बैठकीत पंचवीस करतायत, साहेब. मग परत आत्याकडे : "सुलाबाई, तुम्ही तीस वर्षांच्या अनुभवी आहात. हे मांडे चांगले झालेत ना?"

तिला नुसतं हो म्हणायचं होतं. मला ठाऊक आहे, हो तिच्या ओठापर्यंत आलं होतं. दोन वर्षं ती हेच सगळ्यांना सांगत आली होती. समोर वीस-पंचवीस माणसं, शेवटच्या बाकावर मी, जिच्यापुढे ती कधी हरली नाही. हो म्हटलं असतं की अब्रू राहिली असती आणि दावा गेला असता. हर्षाली तिच्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या कागदाकडे बघत होती. तिने शब्द पाळला होता, ते वाक्य तिने एकदाही मोठ्याने वाचलं नव्हतं.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मग सटाण्याची बोली आली तिच्या तोंडात, रागावली की येते तशी.

"हाऊ मांडा नही शे."

न्यायाधीश म्हणाले, काय म्हणता?

"हा मांडा नाही, साहेब. हे माझ्याच हातचं आहे, पण हा मांडा नाही. याच्यातून जाळ दिसला पाहिजे. याच्यातून तर सर्चलाइट मारला तरी दिसणार नाही." मग ती बोटाने लॅपटॉपवर एकेक दाखवायला लागली. ही कड बघा, जोड्यासारखी जाड. हे इथं फाटलंय, इथं पुरण बाहेर आलंय, हे झाकायला मी उलटं टाकलंय, हे बघा, लबाडी केलीय मी. वकिलाने मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर त्यालाच तिने विचारलं की त्याने आयुष्यात मांडा खाल्लाय का. त्याने कबूल केलं, नाही. "मग तू काय सांगतो चांगला झाला म्हणून?"

न्यायाधीशांनी दोघांनाही शांत राहायला सांगितलं, आणि मग स्वतःच विचारलं, असं का झालं?

आत्याने दोन्ही हात पुढे केले. उजवा उताणा झाला. डावा अर्ध्यावर थांबला. एवढा वेळ ती जोरात बोलत होती, आता आवाज उतरला.

"हा वळत नाही. आता वळणार पण नाही. मला मांडे होत नाहीत, साहेब."

न्यायाधीशांनी ते टायपिस्टला सांगितलं, शब्दन् शब्द. खट खट आवाज आला. माझी सासू त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती.

विमावाल्या वकिलाने बाजी सावरायला बघितलं. म्हणाला, पण गिऱ्हाईक तर समाधानी होतं. तेव्हा आत्याने पहिल्यांदा मागच्या बाकांवर नजर फिरवली आणि तिसऱ्या ओळीत पांढरा शर्ट घातलेल्या एका माणसावर थांबली.

"ते काय बसलेत," ती म्हणाली. "दादा, झाला का साखरपुडा पोरीचा?"

तो माणूस चपलेचा पट्टा नीट करायला वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. कोर्टात हसायला मनाई असते. टायपिस्ट हसली. साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

निकालाचं सांगून टाकते. तो आठ महिन्यांनी लागला. व्यवसाय लिहिलाय मांडे करणारी कुशल कारागीर, आणि त्या कामापुरतं नुकसान पूर्ण धरलंय. मागितलं त्याहून कमी मिळालं, आणि तेही विमा कंपनीने अपिलात अडकवलं. पैसे कधी येतील ते मला माहीत नाही. या देशात गाडी मागे घ्यायला तीन सेकंद लागतात, बाकी सगळ्याला वर्षं.

पण तो साक्षीचा दिवस. बाहेर आलो तर हर्षाली नुसतीच आत्याचा उजवा हात धरून हलवत होती. आत्याने हात सोडवून घेतला. म्हणाली, तू वकील चांगली आहेस, पण आज माझं काही शिल्लक ठेवलं नाहीस. आणि पायऱ्यांवर बसली. नवनाथ उसाचा रस आणायला गेला. मी बाजूला बसले. आम्ही दोघी एकमेकींशी काय बोलणार, अकरा वर्षांची सवय.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मोतीराम. त्याचा आवाज मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होता. मोठं लग्न आहे मावशी, पुढच्या महिन्यात, मांड्यांशिवाय ऐकत नाहीत, तीनशे लागतील, आता गव्हाचं बिव्हाचं काही सांगू नका.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं नाही.

"मोतीराम," ती म्हणाली, "माझा हात गेला. आता मला मांडे होत नाहीत."

त्याने हळूच विचारलं की मग दुसरं कोण करेल, कुणाचं तरी नाव सांगा, तुम्ही सांगाल तिला बोलावतो.

"कोणी नाही," आत्या म्हणाली. "पोळ्या कर आणि वाढ."